सुदाम मिस्त्रीचा आपोआप डबा

जेवायला उठताना सुदाम मिस्त्री खिळ्यांच्या डब्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवतो. परत आल्यावर डबा रेघेच्या केसभर बाहेर दिसला की चौकशी सुरू. एकदा तर मांजरीचा जबाब घ्यायचा तेवढा राहिला होता.

श्रीगोंद्यात त्याचं सुतारकामाचं दुकान आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. त्याचं आजोळ शनिशिंगणापूरचं. म्हणजे लहानपणी सुट्ट्या काढल्या दारं नसलेल्या घरात, आणि आता गिऱ्हाइकानं दाराला एक कडी सांगितली तर हा दोन लावतो. "एक तुमी म्हनता म्हनून, एक मी म्हनतो म्हनून."

"आपोआप फकस्त गवत उगवतं, मास्तर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "बाकी समद्याच्या मागं मानूस असतो."

अशा माणसानं यंदा पुण्याच्या भाच्याकडून आपोआप चालणारा डबा मागवून घेतला, तेव्हा माझ्याच मनात पाल चुकचुकली.

डबा तसा साधा. त्याला दोन प्लग लावायचे, एक विजेच्या करवतीचा आणि दुसरा भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमचा. करवत सुरू केली की व्हॅक्यूम आपसूक सुरू होतो. करवत थांबली की तो आणखी चार-पाच सेकंद घुमतो आणि मग बंद पडतो. नळीत राहिलेला भुसा ओढायला, असं भाच्यानं फोनवर समजावलं. मिस्त्रीला ते पटलं नाही. "काम संपल्यावर बी जो थांबून ऱ्हातो, त्याचा कायतरी डाव असतो."

तरी डबा काही त्यानं काढला नाही. उलट रोज सकाळी लाकूड न लावताच करवत सुरू करायचा, बंद करायचा आणि कान देऊन ऐकत बसायचा. असं दहा-दहा वेळा. आणि त्याच आठवड्यात त्यानं कमलवहिनींना, म्हणजे खुद्द बायकोला, दुकानात यायची बंदी केली.

तीस वर्षं त्या दुकानातला भुसा वहिनींनी झाडला, पोत्यात भरला, बंबात घातला. त्या माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आल्या. "भावजी, आत कायतरी दडवलंय ह्यांनी. मी उंबऱ्यावर पाय ठिवला की वरडत्यात. आन वर माझ्या सैपाकघरात येऊन डब्यांच्या झाकनांवर बोट फिरवून बघत्यात. माझ्यावर पाळत हाय, पाळत!" बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. "थंडीचा हाय," त्या म्हणाल्या. थंडी सरून महिना झाला होता.

मग मीही भिंतीला कान लावू लागलो. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

परवा मिस्त्री माझ्या ओट्यावर चहा पीत बसला होता. दुकानात कोणी नव्हतं, करवत बंद होती. एकाएकी आतून व्हॅक्यूमचा आवाज आला.

"आत मानूस हाय!" कप खाली आपटून मिस्त्री अनवाणीच धावला. मागून मी.

आत कमलवहिनी होत्या, मागच्या घरातून आलेल्या. स्वयंपाकघरातली लाइट गेली होती, दुकानातली होती. म्हणून त्यांनी मिक्सर इथं आणला आणि करवतीचा प्लग काढून डब्यात मिक्सरचा लावला. शेंगदाण्याची चटणी वाटली जात होती, आणि डबा बिचारा मिक्सरलाच करवत समजून इमानेइतबारे व्हॅक्यूम चालवत होता.

मला हसू आवरेना. मिस्त्री हसला नाही. त्यानं प्लग उपसला आणि असा ओरडला की मीही दचकलो. "तोंडाला पदर लाव आधी! भाईर हो, भाईर!"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मशीननं झाडलेलं चालतं. मी झाडलेलं चालत न्हाई आता," एवढंच म्हणून त्या चटणीचं भांडं उचलून निघून गेल्या.

मला खरंच राग आला. "मिस्त्री, तीस वर्षं तुमच्यापाठी राबलेल्या बाईवर संशय घेता? लाज वाटत नाही?"

तो फळ्यांच्या थप्पीवर बसला. "तिच्यावर न्हाई, मास्तर."

मग म्हणाला, "नगरच्या डॉक्टरनं मला येकट्याला आत बोलावलं हुतं. तिच्या छातीत भुसा बसलाय म्हनला. हितून पुढं धूळ लागली, तर श्वास पुरायचा न्हाई." त्यानं शेजारच्या फळीवर बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. "रोज माझ्यामागनं झाडायची. तोंडाला कायतरी बांध, असं म्या एकदाबी म्हनलो न्हाई. समद्या जगावर संशय घेतला मास्तर, ह्या भुशावर तेवढा घ्याचा राहिला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. "अहो, मग सांगा की त्यांना. त्या बिचाऱ्या भलतंच समजून बसल्यात."

"सांगू कसं?" तो म्हणाला. "सांगितलं तर ती म्हनंल, जाऊ द्या, तुमचं काय चुकलं त्यात. ते मला सोसायचं न्हाई."

स्वयंपाकघरात वहिनी खोकायला लागल्या. डब्याचं ऐकायचा तसा मिस्त्री ती उबळ थांबेपर्यंत कान देऊन ऐकत बसला.