मागची चाकं पुढं

इंद्रजीतच्या लाल गाडीला कापडी झबलं होतं. गारखेड्यातल्या त्याच्या सोसायटीत बाकीच्या गाड्या उन्हात भाजत उभ्या असायच्या, ही मात्र झबल्यात झोपलेली. पुण्याहून जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार, जेमतेम दोन माणसांची आणि इतकी बुटकी की पोट जमिनीला टेकतं का काय असं वाटावं. ती बाहेर काढ म्हटलं की इंद्रजीतचं उत्तर ठरलेलं असे. "मागचे टायर झिजलेत. फिरवली की आणखी झिजतात." बायकोला, संध्याला, हे उत्तर पाठ होतं. पिशोरहून राहायला आलेल्या वडिलांनाही ते आठवडाभरात पाठ झालं.

आता वडिलांची, म्हणजे नानासाहेबांची, अडचण अशी की ते पिशोरच्या कडुबाला शब्द देऊन बसले होते. कडुबा त्यांचा लंगोटीयार. रविवारी त्याच्या नातीचा, संस्कृतीचा, साखरपुडा होता. "पोराच्या लाल गाडीतून येतो, थेट पारासमोर उतरतो," असं ते फोनवर बोलून गेले. पोराजवळ मात्र ब्र काढला नाही. या माणसानं जन्मात पोराकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागायचं कसं हे आता शिकायचं वय राहिलं नव्हतं. शिवाय पोरगा नाही म्हणाला तर? ते ऐकण्यापेक्षा नकाराचं कारणच काढून टाकलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सकाळी ते झबलं उचलून चाकं न्याहाळू लागले.

"इंद्या, पुढचे टायर तर कोरे हैत की! पुढचे मागं टाक, मागचे पुढं. मी जीपचे असेच बदलायचो. कन्नड-पिशोर रोज चालायची, कधी कुरकुर नाय."

"नाना, ही जीप नाही."

"चार चाकंच हैत ना?"

याला उत्तर होतं. गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा चांगलेच रुंद होते, आणि अशी चाकं अदलाबदल करू नयेत असं इंद्रजीतनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंही होतं. पण वडिलांना तोंडावर नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. नकार द्यायचाच तर तो दुसऱ्याच्या तोंडून द्यायचा. म्हणून तो म्हणाला, "हबीबभाईला विचारू. ते म्हणतील तसं."

निघताना संध्या सासऱ्यांकडं पाहून म्हणाली, "मामा, एवढे कडक होऊन कुठं निघालात?"

"टायरवाल्याकडं," नानासाहेब म्हणाले. इंद्रजीत तेव्हा बॉनेटवरची धूळ फुंकत होता. फुंकून झाल्यावर म्हणाला, "नाना, दुकान कोपऱ्यावरच आहे. तुम्ही चालत येता का? मागच्या टायरवर उगाच वजन नको."

नानासाहेब गाडीमागून चालत निघाले.

हबीबभाईंनी चाकं पाहिली, रुंदीतला फरकही पाहिला. पण साहेब शिकलेले, एवढी भारी गाडी बाळगतात, तेव्हा वाचूनच आले असतील असं त्यांना वाटलं. आणि पांढऱ्या मिशांच्या पाहुण्याला दारात आल्या आल्या नाही म्हणणं त्यांच्याही घरात बसत नव्हतं.

"चाचा बोल रहे तो सहीच बोल रहे होंगे," ते म्हणाले. "बाकी साहेब, तुम्ही म्हणाल तसं."

"मी नाही, तुम्ही म्हणाल तसं," इंद्रजीत आशेनं म्हणाला.

"आपली ना कशाला असंल? गाडी तुमची."

"मग माझीही ना नाही," इंद्रजीतच्या तोंडून गेलं, आणि त्याच क्षणी त्याला पस्तावा झाला. पण गाडी लिफ्टवर उचलली गेली होती.

चाकं निघाली. जाड चाक आणि बारीक चाक शेजारी-शेजारी पाहून नानासाहेबांनाही हे जमेलसं वाटेना. पण दोन समजदार माणसं हो म्हणतायत, तर आपण मधे कशाला मोडता घालायचा, म्हणून त्यांनीही मान डोलावली. सगळं बसवून झालं तसे ते पुढं झाले आणि त्यांनी दाराला हात लावला.

"थांबा नाना, मी एक चक्कर मारून बघतो. मग बसा."

चक्कर चौकापर्यंतच झाली. वळताना पुढचं जाड चाक आत घासलं, आतलं प्लास्टिक फाटून चाकाला गुंडाळलं गेलं आणि गाडी चौकात आडवी अडकली. चारी बाजूंनी रिक्षा तटल्या. हबीबभाई जॅक घेऊन धावत आले, पण तो खाली जाईचना.

"इतनी नीची गाडी कोई लेता है क्या!" त्यांच्या मनातलं अखेर बाहेर पडलं. "मेरेकू पहलेच लगा था, ये नहीं जमता."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही तरी कुठं बोलला?"

दोघांनी नानासाहेबांकडं पाहिलं.

"मलाबी वाटलंच व्हतं," नानासाहेब म्हणाले.

शेवटी गाड्या वाहून नेणारा ट्रक आला आणि लाल गाडी त्याच्या पाठीवर चढली. वर्कशॉप चिकलठाण्याकडं होतं. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मेव्हण्याचा कूलर होता, त्यामुळं तिथं जागा नव्हती. "गाडीतच बसा ना साहेब," ड्रायव्हर म्हणाला. तसे बापलेक ट्रकवरच्या गाडीत बसले. नानासाहेबांचा त्या गाडीला पाय लागला तो असा.

जालना रोडवर त्यांचा फोन वाजला. फोन ते नेहमी स्पीकरवरच लावत.

"नान्या, कुठवर आला?" कडुबा ओरडला.

"गाडीत बसलोय."

"मंग इंजिनचा आवाज कसा येईना?"

"भारी गाडीला आवाज नसतोय."

"आख्खं गाव पारावर आणून बसवलंय बग. ये लवकर."

फोन बंद झाला. इंद्रजीत म्हणाला, "नाना, पिशोरला जायचं होतं?"

"संस्कृतीचा साखरपुडा हाय."

"मग मला सांगायचं ना!"

"तू म्हणला असता, टायर झिजतेत." आवाजात राग नव्हता.

इंद्रजीतनं तेव्हा कुठं बापाकडं नीट पाहिलं. इस्त्रीचं धोतर, कडक टोपी, मांडीवर साडीची पिशवी. हे सगळं सकाळपासून असंच होतं, आणि त्यानं हे सगळं गाडीमागून चालवत आणलं होतं. त्याला फार वाईट वाटलं.

"पुढच्या रविवारी नक्की जाऊ," तो म्हणाला.

"जाऊ की. साखरपुडा तेवढा नसंल."

सिडकोच्या चौकात सिग्नल लागला. शेजारी पिशोरची एसटी येऊन थांबली आणि खिडकीतून गावची सरूबाई ओरडली, "अगं बया, नाना! तुमची गाडी लईच उंच हो! साखरपुड्यालाच निघाले ना?"

नानासाहेबांनी काच खाली करून पिशवी तिच्या हातात दिली. "ही संस्कृतीला दे. म्हणावं, नानानं धाडली."

"मंग तुमीच या की. हितं जागा हाय, मी सरकते."

नानासाहेबांनी एसटीकडं पाहिलं. मग पोराकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"नको," ते म्हणाले. "पोराच्या गाडीत बसलोय."

सिग्नल सुटला. एसटी डावीकडं पिशोरच्या वाटेला लागली, ट्रक सरळ चिकलठाण्याकडं निघाला.

"लई मऊ चालती रं," थोड्या वेळानं नानासाहेब म्हणाले.

इंद्रजीतनं मान हलवली आणि उगाचच स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले.