वाटण आधी, गळ नंतर

बायकोलाही सांगितलं नाही ते इथं सांगतो. त्या कटला माशाचा एक घासही मी खाल्ला नाही.

पण आधी किसनमामा कळायला हवेत. इसापूर धरणाच्या काठावर आमचं गाव, आणि मामा आमचे शेजारी. मासे धरायला सगळेच जातात, मामा मात्र निघण्याआधी शेजारच्या चुलीपाशी डोकावतात. "वाटण झालं का, माय?" भाजल्या खोबऱ्याचा वास आला तरच गळ उचलायचा. एकदा माझी बायको म्हणाली, "झालंच समजा, मामा." मामांनी मिक्सरचं झाकण उघडून पाहिलं आणि ओट्यावर बसले. "वाट तू. धरण कुठं पळून चाललं न्हाई."

कधी वाटण तयार आणि मासाच लागत नाही. मग आम्ही नुसता रस्सा भाकरीसोबत ओरपायचा. मामा म्हणतात, "बराबर हाय. त्याला बी न्हाई म्हणायचा हक हाय."

हिंगोलीचे एक हळदीचे व्यापारी भारीतला गळ घेऊन यायचे. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. मामांनी विचारलं, "खाणार न्हाई?"

"शौक आहे, मामा."

"मंग त्याला तकलीफ काहून? भुकेपायी धरला तर त्याला सांगाया आपल्याला तोंड असतं. शौक कसा सांगावा?"

व्यापारी हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

मामांचा आणखी एक कायदा: मोठा मासा लागला की मुंडकं गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. ते माणूस म्हणजे मामाच, मामी गेल्यापासून एकटेच राहणारे.

मागच्या उन्हाळ्यात बायको शिरड शहापूरला माहेरी गेली होती. चूल थंड. तरी मी एकटाच धरणावर गेलो, आणि नेमका तेव्हाच मांडीएवढा कटला लागला. फोटो काढला, स्टेटसला टाकला. मासा दाराच्या खुंटीला टांगला. गल्ली बघायला लोटली. रांधायला मला येत नाही, कुणाला देऊन टाकावा तर मिरवायचं राहिलं असतं. दुपार टळेपर्यंत माशा घोंगावू लागल्या. मागच्या हळदीच्या रानात नेऊन पुरला.

तिन्हीसांजेला मामा आले. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी.

"गजू, लई मोठा गावला म्हणं."

"व्हय मामा. खाल्ला पण."

"मुंडकं?"

"ते बी."

मामांनी एकदा घरातली हवा ओढली. वाटणाचा वास ज्याला चार घरांवरून कळतो, त्याला माझ्या घरात काय कळलं असेल? "गोड लागलं असंल," एवढंच म्हणाले आणि भाकरी घेऊन परतले.

बायको परत आल्यावर म्हणाली, "मामा आपल्या दारात काहून थांबत नाहीत?" मी म्हणालो, गुडघे दुखत असतील. मग तीच बोलली, "त्यांच्या घरी मामी गेल्यापासून पाट्याला पाणी लागलं नाही. एकट्यासाठी मासा धरू वाटत नाही म्हणतात. म्हणून तर दारोदार विचारत फिरतात."

हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं.

मामा अजूनही रोज गल्लीतून जातात. बाकीच्या दारांत विचारतात, आमचं दार ओलांडून पुढे जातात. मी त्यांचं देणं लागतो: आधी खरं, आणि त्यानंतर एका कटल्याचं मुंडकं.