बेचाळीस रिव्हेटांचं ठिगळ

बिघडलेल्या वस्तूसाठी मी कारागिराला आधी बोलावत नाही, बरं का! तो माझ्यानंतर येतो. बायको त्याला फोनच तसा करते, "ह्यांनी उघडून ठेवलंय, लवकर या!"

तर सासऱ्यांच्या होडीला भोक पडल्याचं कळलं आणि मी छाती ठोकून सांगितलं, "बाबा, रविवारी चार वाजता या. होडी तयार!"

होडी अॅल्युमिनियमची, सासऱ्यांच्या लग्नाआधीची. बायको पोहायला शिकली ती हिच्यातूनच ढकलली गेल्यामुळे. सासऱ्यांचं एक पितळी कुलूप कित्येक वर्षं ओल्या तळाशी पडून राहिलं आणि त्याच्याखालचा पत्रा पार खाल्ला गेला. "दुरुस्त झाली तर ठीक," सासरे म्हणाले, "नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. रोज तिच्याकडे नुसतं बघत बसणं माझ्याच्याने होत नाही." हे बोलताना त्यांचा आवाज असा काही झाला, की बायको उठून स्वयंपाकघरात गेली. 

शनिवारी सकाळी अंगणात दोन बाक मांडले आणि त्यांवर होडी पालथी घातली. भोक मुगाएवढं. तारेच्या ब्रशने घासलं, ते चिंचोक्याएवढं झालं. पांढरी पूड निघत राहिली, मी घासत राहिलो, आणि बघता बघता भोक बशीएवढं!

"अहो, दुरुस्त करताय की मोठं करताय?"

"आधी रोग खरवडून काढावा लागतो!"

"मग रोग्यालाही थोडं शिल्लक ठेवा."

मी लक्ष दिलं नाही. हार्डवेअरवाल्याने बजावलं होतं, लोखंडी स्क्रू अजिबात मारू नका, नाहीतर पत्रा पुन्हा खाल्ला जाईल. म्हणून अॅल्युमिनियमचाच तुकडा कापला, खाली पाणी अडवणारा काळा चिकट मसाला थापला आणि पत्र्याला पत्रा जोडणारे अॅल्युमिनियमचेच रिव्हेट ठोकले. बारा पुरले असते. मी बेचाळीस ठोकले! सासऱ्यांची होडी आहे, चेष्टा नाही!

रविवारी दुपारी प्रश्न आला, गळते की नाही हे बघायचं कसं? तळं लांब. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या गॅरेजवाल्यांनी डोकं काढलं. सगळी गल्ली त्यांना इंजिनदादा म्हणते.

"होडी पाण्यात कशाला नेताय? पाणीच होडीत ओता! गळलं तर खाली दिसेल."

ह्याला म्हणतात डोकं! ते इकडे आले, दोघांनी मिळून होडी सुलटी केली, बाकांवर ठेवली आणि नळाची नळी आत सोडली.

"पुरे हो, ठिगळ बुडालं," बायको म्हणाली.

"कसोटी कधी अर्धवट घेतात का?" मी होडी काठोकाठ भरली. खाली उताणा झोपून अर्धा तास ठिगळाकडे डोळे लावले. टिपूस नाही!

"जिंकलो!" मी ओरडलो. इंजिनदादांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने पदराने डोळे टिपले. "बाबांना किती बरं वाटेल हो," ती म्हणाली. मला तर गगन ठेंगणं झालं!

इतक्यात बाक करकरला.

"साठेक बादल्या पाणी असेल नाही?" एवढं बोलून इंजिनदादा होडीपासून दोन पावलं मागे सरकले.

"अहो, आधी पाणी काढा!" बायको किंचाळली.

"काढतो की! खालच्या भोकातून..."

"ते तुम्ही बुजवलंत!"

मग काय! मी बादली घेतली, तिने तपेली घेतली, आणि आम्ही धडाधड पाणी उपसायला लागलो. दहा-बारा बादल्या झाल्या असतील नसतील, तोच फाटक वाजलं. सासरे! इस्त्रीचा शर्ट, हातात मासेमारीचा गळ, पंधरा मिनिटं आधीच हजर!

ते आमच्याकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं ही होडी पाण्यात होती," ते सावकाश म्हणाले. "कधी बुडाली नाही. तुम्ही जमिनीवर बुडवलीत?"

"बाबा, तसं नाही! पाणी आत शिरलेलं नाही, आम्हीच ओतलंय! आता ते बाहेरच जात नाही! बघा ना किती भक्कम आहे!" आणि भक्कमपणा दाखवायला मी होडीला एक जोरदार थाप मारली.

कडाड! मागचा बाक मोडला. सगळं पाणी मागे धावलं, होडीचं बूड पायरीच्या दगडावर आदळलं आणि पत्र्याचा जुना सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा उसवला. पाणी फाटकातून रस्त्यावर गेलं, जाताना सासऱ्यांच्या चपलाही घेऊन गेलं.

सासरे अनवाणी चिखलातून पुढे आले. वाकून त्यांनी ठिगळावर अंगठा दाबला. मग एक बुक्की मारली. ठिगळ जराही हललं नाही.

"जावईबापू, काम एक नंबर झालंय."

"खरंच, बाबा?" मला जरा धीर आला.

"खरंच. उद्या भंगारवाल्याला सांगतो, एवढं ठिगळ ठेव आणि बाकीची होडी घेऊन जा."