जुना केर नव्या घरात नेऊ नये

बन्सीभाऊंनी दसऱ्याला नवा कम्प्युटर घ्यायचं ठरवलं, इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढं, बायकोला समजावून सांगायला गेले तेव्हा. (बायकोला समजावून सांगायला जाऊ नये, हे कळायला माणसाला एक संसार पुरत नाही.)

बन्सीभाऊ सरकारी कचेरीत हेडक्लार्क. घर हर्सूलला, तळ्याच्या अंगाला. जुना कम्प्युटर त्यांनी लेकीच्या शिक्षणासाठी घेतला होता. लेक शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली आणि कम्प्युटर माहेरी राहिला. आता तो इतका थकला होता, की बन्सीभाऊ बटण दाबून दात घासायचे, चहा प्यायचे, पेपर वाचून घडी घालायचे, तरी त्याचं आपलं उघडणं चालूच. शेवटी दसऱ्याच्या आदल्या सकाळी फारूख नवा कम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आला. फारूखचं शहागंजात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बन्सीभाऊंच्या कचेरीतली यंत्रंही तोच बघायचा, त्यामुळं घरोबा होता. त्यानं जुनं आणि नवं यंत्र टेबलावर शेजारी शेजारी मांडलं आणि मधे एक वायर जोडली.

"ह्या दोघांची गाठ कशाला मारली?" द्वारकाबाईंनी विचारलं.

'फायली आणि सेटिंग इकडून तिकडं न्यायचंय' एवढं सांगून बन्सीभाऊंना सुटता आलं असतं. पण हेडक्लार्कची जीभ ती. ते म्हणाले, "अगं, हे घर बदलण्यासारखं आहे. जुन्या घरातलं सामान नव्या घरात जाणार. भांडी मांडणीवर, कपडे कपाटात, जिथलं तिथं."

"असं व्हय," म्हणत द्वारकाबाईंनी पदर खोचला.

पदर खोचला तेव्हाच बन्सीभाऊंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्यांचं लक्ष पडद्याकडं होतं.

"मंग आधी देव न्या," द्वारकाबाई म्हणाल्या.

"भाभी, सगळं एकदमच जातं," फारूख म्हणाला.

"एकदम कसं जाईल? नव्या घरात आधी देव जातेत. मागून आपली गाडगी-मडकी."

फारूखनं बन्सीभाऊंकडं पाहिलं. बन्सीभाऊंनी छताकडं पाहिलं. मग फारूखनं मुकाट्यानं लेकीनं साठवलेला गणपतीचा फोटो शोधला आणि एकट्यालाच वायरीतून पुढं धाडला. "घ्या भाभी, बाप्पा फर्स्ट." द्वारकाबाईंनी नव्या पडद्यावरच्या बाप्पाला हळदकुंकू लावलं. (ते कुंकू पडद्याच्या कोपऱ्यात अजून आहे. तिथं नेमका बंद करायचा फुलीचा चौकोन येतो.)

मग खरं काम सुरू झालं आणि बन्सीभाऊ खुर्चीच्या काठावर येऊन बसले. पडद्यावर कागदाचं एक पान या फोल्डरातून उडायचं आणि त्या फोल्डरात अलगद उतरायचं. पुन्हा दुसरं. ना धूळ, ना हमाल, ना आरडाओरडा. बन्सीभाऊंनी आयुष्यात एकदाच कचेरीचं स्थलांतर पाहिलं होतं. एका इमारतीतून समोरच्या इमारतीत जायचं, मधे फक्त रस्ता, तरी एक कपाट अख्खा पावसाळा व्हरांड्यात उभं राहिलं आणि त्यातल्या फायली वाळवीनं निकाली काढल्या. इथं तर एका कागदाला सुरकुती पडत नव्हती. बन्सीभाऊंना भरून आलं. माणसाच्या डोक्यात हे आलं तरी कसं, असं त्यांना खरोखर वाटलं, आणि त्यांनी त्या वायरीला हळूच हात लावून पाहिला. ती गारच होती.

"फारूख, सगळं येतं ना रे? म्हणजे कोनाकोपऱ्यातलंही?"

"हौ साहब. जसं तिकडं, वैसाच इकडं."

हे विचारायला कारण होतं. ते कारण कचरापेटीत होतं.

आता हे नीट सांगायला हवं. बन्सीभाऊंचं मूळ गाव खुलताबादजवळचं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीच्या धामधुमीत, लुटालुटीच्या भीतीनं, त्यांच्या घरानं आपली बोरमाळ आणि पुतळ्या फडक्यात बांधून उकिरड्यात पुरल्या होत्या. लुटारू आले, कणग्या फोडल्या, चूल उकरली, पण उकिरड्यात कोण हात घालतो? सोनं वाचलं. ही गोष्ट बन्सीभाऊंच्या आई सारजाबाई लेकराला भरवताना सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ज्याला जपायचं ते केरात ठेवावं, बाबा." बन्सीभाऊंनी आईचा शब्द खाली पडू दिला नाही. कम्प्युटर घरात आला आणि त्याच्या पडद्यावर चक्क एक कचरापेटी दिसली, तेव्हा त्यांना गहिवरून आलं होतं. इंजिनियर कुठला का असेना, याच्याही घरात कुणीतरी सोनं पुरलं असणार, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

आणि त्या पेटीत त्यांनी जे पुरलं होतं, ते होतं द्वारकाबाईंचं गाणं.

द्वारकाबाईंचं माहेर अजिंठ्याकडचं. त्यांच्या आई भागूबाई जात्यावर बसल्या की गाव थांबायचं म्हणे. भागूबाई गेल्या, जातं गेलं, ओव्या तेवढ्या द्वारकाबाईंच्या गळ्यात उरल्या. पण कुणी ऐकतंय म्हटलं की बाई ओठ शिवायच्या. बन्सीभाऊंनी एकदा 'म्हण की' म्हटलं, तर "गायचं वय हाय का माझं" म्हणून त्या ताटं घासायला निघून गेल्या आणि पुढं कितीतरी दिवस घरात सूर उमटला नाही. दुपारी तांदूळ निवडताना, नवरा खुर्चीत पेंगतोय असं पाहून, त्या हलकेच म्हणायच्या. म्हणून रविवारी जेवण झालं की बन्सीभाऊ कानाला लावायचं ते माइकवालं यंत्र गळ्यात अडकवून, रेकॉर्डचं बटण दाबून, डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. वर्षानुवर्षं. प्रत्येक तुकडा लगेच कचरापेटीत. ऐकून कधी पाहिलं नाही, कारण ऐकायचं तर वाजवायला हवं, आणि वाजलं तर पकडले जाणार. पुरलेलं सोनं कुणी रोज उकरून घालतं का? आपण जायच्या आधी, किंवा बाई थकल्यावर, लेकीला म्हणावं, हे घे, तुझ्या आजीच्या ओव्या. एवढाच त्यांचा बेत. त्या ओव्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या, कुठं लिहिलेल्या नव्हत्या.

तर सामान निम्म्याहून अधिक हललं आणि द्वारकाबाईंच्या लक्षात आलं, की घरात नारळ नाही.

"नारळाबिगर नव्या घरात शिरतेत का कुठं? जा, घिऊन या."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नारळ आणणं म्हणजे काय ते सांगायला नको. झेंडू, आपट्याची पानं आणि माणसं यांतून वाट काढत बन्सीभाऊ निघाले. वाटेत जो भेटला त्याला त्यांनी सांगितलं, की आमच्याकडं घर चाललंय, वायरीतून. नारळवाल्या फकिरालाही सांगितलं. फकिरानं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि नारळ न वाजवताच दिला.

घरी आले तर नवा कम्प्युटर उघडलेला. आणि बन्सीभाऊ नारळ हातात धरून दारातच उभे राहिले. लेकीच्या लग्नातला फोटो, जसाच्या तसा, मागं पडद्यावर. त्यांची मोठी अक्षरं, चष्मा विसरला तर दिसावीत म्हणून केलेली, मोठीच. पत्त्यांचा डाव तिथंच. त्यांच्या हातून एकदा चुकून पडद्याच्या मधोमध सरकलेलं आणि पुन्हा कधीच न हललेलं एक चित्रसुद्धा मधोमध. यंत्र नवं कोरं आणि आत आपलंच घर. "फारूख," ते म्हणाले, "हे देवाचं काम आहे रे." आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कचरापेटीकडं गेली. पेटी होती. उघडली. आत काही नव्हतं. ते वळून जुन्या यंत्राकडं गेले. तिथलीही पेटी उघडली. तीही घासूनपुसून ठेवल्यासारखी.

"इथलं, इथलं ते..." बन्सीभाऊ रिकाम्या पेटीवर बोट आपटत म्हणाले.

"त्यो केर व्हय?" स्वयंपाकघरातून द्वारकाबाई म्हणाल्या. "जुन्या घरचा केर अन् केरसुणी नव्या घरात नेत नसतेत. तुम्हीच म्हणले ना घर बदलायचंय? फारूखभाईला म्हणलं, झाडून टाका."

बन्सीभाऊंनी फारूखला व्हरांड्यात ओढलं.

"परत आण."

"साहब, कचरा परत कायकू पाहिजे?"

"मला पाहिजे."

"कचरा तसाही इकडं येत नाही साहब. सगळं येतं, कचरा सोडून." असं म्हणून फारूखनं तोंड फिरवलं आणि तो रस्त्यावरून चाललेल्या म्हशींकडं टक लावून पाहत बसला.

बन्सीभाऊ आत आले. भागूबाई गेल्या, जातं गेलं, आणि आता आपल्या एका वाक्यापायी ओव्याही गेल्या. 'घर बदलण्यासारखं आहे' म्हणे. कुणी सांगितलं होतं दाखले द्यायला? बरं, बोलायची सोय नाही. सांगावं तर बाई पुन्हा कधी गाणार नाही, न सांगावं तर दुःख एकट्यानं गिळायचं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. वायरीमागं पाहिलं. मग, कळत असूनसुद्धा, ते दाराआडच्या खऱ्या केराच्या सुपलीत वाकून पाहू लागले.

"काय हुडकताय?" मागून आवाज आला.

"काही नाही. पेन."

"पेन का गाणी?"

बन्सीभाऊ तसेच वाकलेले राहिले.

"उकिरड्याची गोष्ट सासूबाईंनी तुम्हाला अर्धीच सांगितली," द्वारकाबाई पाटावर बसत म्हणाल्या. "सोनं वाचलं, व्हय. पण धामधूम निवल्यावर तुमच्या आजोबांना कशाचं ध्यान राहिलं नाय. त्यांनी उकिरडा गाड्यात भरला अन् शेतात पसरून आले. मंग समदं घर पंधरवडाभर चाळण्या घिऊन शेतात. सासूबाईंनी मला माप ओलांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं, पोरी, ह्या घरात केर चाळल्याबिगर टाकू नको. ह्या घरची माणसं कुठं काय पुरतील, नेम नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे फारूखभाईला म्हणलं, आधी चाळा. त्येनं एकेक उचलून वाजवलं अन् गाणी तेवढी येगळी काढून ठिवली."

फारूख दारात आला होता. त्याला आता हसू आवरेना. "सब सेफ है साहब. भाभींनी कसम घातली होती."

बन्सीभाऊ खुर्चीत बसले. एवढा वेळ ते यंत्राचं कौतुक करत होते. आता ते बायकोकडं पाहत राहिले, आणि त्यांना कळेना, की यात थोर कोण.

"रागावलीस?"

द्वारकाबाईंनी पाट यंत्राकडं वळवला. मग म्हणाल्या, "वाजवा हो फारूखभाई, ते पहिलं."

स्पीकर खरखरला आणि लांबून, तांदळाच्या सुपाच्या आवाजामागून, सूर आला:

अजिंठ्याच्या वाटं, वाघूर नदी वाहे,
माहेराचं पाणी माझ्या घागरीत राहे.

"मला वाटलं आईच आली," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझा आवाज तिच्यावानी हाय, हे मला कधी कुणी सांगितलंच नाय. स्वतःचा आवाज स्वतःला कुठं ऐकू येतो."

बन्सीभाऊंचेही डोळे भरले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. इतक्यात स्पीकरमधून दुसरीच काहीतरी घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग करवतीनं लाकूड कापावं तशी, मग लाकडाचा ओंडका अख्खा कोसळावा तशी. ओवी त्याखाली गेली.

"हे काय?" बन्सीभाऊंनी विचारलं. "मशीन बिघडलं का?"

"नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "हे तुम्ही."

फारूखनं दुसरं वाजवलं. अर्धी ओवी, मग तेच. तिसऱ्यात तर ओवी सुरू व्हायच्या आधीच. माइक गळ्यात आणि जेवण पोटात, सोंग ते किती वेळ टिकणार? वर्षानुवर्षं जपलेल्या त्या ठेव्यात दोन आणे भागूबाईंच्या ओव्या होत्या आणि चौदा आणे बन्सीभाऊ.

"उद्या पूजा झाली की बसते मी," द्वारकाबाई उठताना म्हणाल्या. "समद्या म्हणते, आईनं शिकवल्या तशा. पण तुम्ही तोंड धुवून बसायचं."

दुसऱ्या दिवशी दसरा. नव्या कम्प्युटरला झेंडूची माळ, पुढं आपट्याची पानं, फकिराचा नारळ. शेजारच्या वच्छलाबाई घरच्यांना घेऊन नवं यंत्र बघायला आल्या होत्या. बन्सीभाऊंनी टोपी सारखी केली, सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं आणि म्हणाले, "बघा हां, काय चमत्कार आहे. जुन्यातली एकही गोष्ट हरवलेली नाही." आणि बटण दाबलं.

यंत्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडलं. नेहमी उघडताना वाजते ती टिंगटिंग वाजली नाही. भरल्या खोलीत, नव्या स्पीकरमधून, बन्सीभाऊ घोरू लागले.

वच्छलाबाईंनी दचकून खाटेकडं पाहिलं. खाटेवर कुणी नव्हतं. फारूख आदल्या दिवशी निघताना भाभींशी 'सेटिंग, सेटिंग' म्हणत काय कुजबुजत होता, ते बन्सीभाऊंना आत्ता कळलं.

"अगं बाई, हे काय वाजतंय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"ते व्हय," द्वारकाबाई निरांजन ओवाळत म्हणाल्या. "फायली काल आल्या. हे सेटिंग. तेबी जुनंच हाय."