जनरलसाहेब आज कुठे आहेत?

कॉव्हेंट्रीच्या आमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर शिर्के भेटले, की तुमची खुशाली विचारत नसत, जनरलसाहेबांची सांगत. "आज साहेब नदीपाशी अडकलेत. पुलाचं काही खरं नाही."

साहेब म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला एक जर्मन जनरल. माणूस केव्हाच मेला होता, पण त्याची रोजनिशी छापलेली होती. ती वाचायला डॉक्टर पन्नाशीला टेकताना जर्मन शिकले. नियम कडक. रोज त्या तारखेचं एकच पान, पुढचं नाही. जनरलची चार वर्षं वाचायला डॉक्टरांनाही चार वर्षं लागली. फ्रान्स जिंकला तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांना केक मिळाला. साहेब रशियात होते तो हिवाळा डॉक्टर गरम वॉर्डातही ओव्हरकोट घालून कुडकुडत. आम्ही हसायचो, पण त्यांचे हात खरोखर गार लागत, आणि मला ते आवडत नसे.

बर्लिनची भिंत पडली त्या आठवड्यात सगळं हॉस्पिटल टीव्हीला चिकटलं होतं. डॉक्टर कोपऱ्यात पांढरेफटक बसलेले. म्हणाले, "साहेब टेकडीवर पोचले. मी वाचन थांबवलंय."

मग सारं कळलं. त्यांचे वडील इंग्रजांच्या हिंदी पलटणीत हवालदार. इटलीत त्याच टेकडीवरच्या हल्ल्यात बेपत्ता झाले; टेकडी राखत होते ते जनरलसाहेब. घरी आलेल्या पत्रात टेकडीचं नाव होतं, दिवस नव्हता. तिथीच माहीत नाही, म्हणून साताऱ्याला आई दरवर्षी श्राद्ध सर्वपित्रीला करायची. तिला मरण्याआधी तिथी हवी होती.

"अहो, मग चार वर्षांपूर्वीच ते पान काढून बघायचं ना," मी म्हणालो.

"बघितलं असतं तर बाबा तेव्हाच गेले असते. आज सकाळपर्यंत होते ते."

"पण तुमच्या आई आता थकल्यात, त्यांच्यासाठी तरी वाचा," मी म्हणालो. रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं आणि शेजारी बसवून राहिलेली पानं एकेक करत वाचली. चौथ्या पानावर थांबले. पहाटे हिंदी तुकडी टेकडीवर चढून आली, एकही माणूस परत गेला नाही, एवढंच साहेबांनी लिहिलं होतं.

डॉक्टरांनी जुन्या पंचांगात तिथी काढली आणि साताऱ्याला फोन लावला. आईला तिथी सांगितली. मग तिने काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"विचारतेय, त्या दिवशी ते जेवले होते का."

आणि ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.