आगीची आणेवारी

आमच्या गावात पिकाची आणेवारी सरकार काढायचं आणि आगीची किसनतात्या.

उन्हाळा लागला की तात्या रोज सकाळी गावामागच्या माळावर जायचे. मूठभर वाळलं गवत कानाशी धरून चुरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग धोतराचा सोगा सोडून वारा बघायचे. एवढं झालं की गल्लोगल्ली हाळी : "आज तेरा आणे! राखंवर पाणी घाला! बिड्या खिशात ठेवा!" सोळा आणे म्हणजे माळ पेटलाच समजायचं. माळाच्या राखणीची नोकरी सुटून त्यांना कैक वर्षं झाली होती, पण हे त्यांना कोण सांगणार?

लोक चिडवायचे. "तात्या, आमच्या घरातलीचा राग किती आणे?"

"सोळा. अन् वारा तुझ्याकडंच हाय. पळ!"

वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न निघालं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या बौद्धवस्तीतला पहिलाच, म्हणून वऱ्हाडाची व्यवस्था माझ्याकडे. व्याह्यांनी मानवतहून फटाक्यांचं खोकं आणलं होतं. तेवढ्यात तात्या आले.

"पंधरा आणे. फटाके न्हाईत."

व्याही भडकले. "गवताला इचारून वरात काढायची व्हय?"

माझे वडील दोघांपुढं हात जोडून उभे. सोयरे रुसून परत गेले तर? तात्यांनी वाद घातला नाही. ते सरळ जाऊन खोक्यावर बसले.

लग्न लागलं, तात्यांनी बसल्या जागेवरून फुलं टाकली. जेवणाचं ताट तिथंच गेलं. शेवटी व्याह्यांनाच हसू फुटलं. स्वतः बुंदी वाढत म्हणाले, "नवरदेवसुद्धा इतका घट्ट बसला न्हाई!"

नुसत्या हलगीवर वरात गेली. मग मी तात्यांना खोक्यावरच गाठलं. "सकाळी पाटलाच्या आळीत तुम्ही अकरा ओरडलात. मी ऐकलंय. इथं पंधरा कसे?"

तात्या आमच्या छपरांकडं बघत राहिले.

"नामांतराच्या दंगलीत तुमची घरं पेटवली ना, त्या दिशी सकाळी कुणी चेष्टेनं इचारलं, तर मी एक आणा सांगितला होता. श्रावण होता. गवत हिरवंगार. गवताचं ऐकलं. माणसांचं ऐकायचं राहिलं. तवापासून तुमच्या वस्तीला चार आणे जास्त लावतो."

मी त्यांच्यासमोरचं रिकामं ताट उचललं.

"हात दे बाबा," तात्या म्हणाले, "पाय पार बधिर झालेत."