सदर तेलाशी माझा संबंध नाही

आमच्या शेजारचे मोरे भाऊसाहेब न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायचे, आणि तीही रोज, नाश्त्याच्या आधी. महाडच्या एका कचेरीत जन्मभर पत्रव्यवहार सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कुणा भामट्यांनी त्यांचा ईमेलचा पत्ता प्रेषक म्हणून लावला आणि केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती जगभर धाडल्या. शिव्या येत भाऊसाहेबांना, आणि त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही.

"अहो, द्या सोडून," मी म्हणायचो.

"असं कसं? पत्र आलं म्हणजे उत्तर गेलं पायजे."

मग एका बोटानं टाइप करत बसायचे. 'महोदय, सदर तेलाशी माझा संबंध नाही. तरी झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. नोंद घ्यावी.' वर जावक क्रमांक. कॅनडातल्या कुठल्याशा बाईलाही हे मराठीतूनच गेलं.

प्रत्येक वेळी अक्षर सापडलं नाही की हाक मला. मी तसा तापट. एकदा ते हिरकणीवाडीला लग्नाला गेले तेव्हा मी तो पत्ता कायमचा बंद करून टाकला आणि नवा उघडला. पासवर्ड मीच लावलेला होता. वाटलं, सुटले बिचारे. खरं तर मलाच सुटायचं होतं.

परत आल्यावर त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. चहाचा कप तेवढा खाली ठेवला.

"माझ्या यादीतल्या लोकांना पण ती जाहिरात गेलेली," ते म्हणाले. "खैऱ्याला पण. लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी त्याचं आलं, 'मोरे, आता तेल विकता काय?'"

खैरे म्हणजे कचेरीतले त्यांचे जिवलग. उशिरा येतात म्हणून भाऊसाहेबांनीच साहेबांपुढे टिपणी ठेवली, आणि म्हाताऱ्या आईला पोलादपुरात एकटी टाकून खैऱ्यांना पार विदर्भात बदलीवर जावं लागलं. निवृत्त होऊन ते पोलादपुरात परतले, पण बोलणं बंद ते बंदच.

"तेलाची माफी मागता मागता त्या टिपणीची पण मागून टाकली रे. इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. उत्तर त्याच पत्त्यावर यायचं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "चला, आत्ता स्कूटर काढतो. पोलादपूर काय लांब आहे?"

"नको," भाऊसाहेब म्हणाले. "त्यानं लिहिलंच नसेल तर? आता निदान म्हणता येतं, लिहिलं असेल."